चन्नपट्टणचा लाकडी खुळखुळा : तान्ह्या बाळासाठी घ्यावा का?

बंगळूर–म्हैसूर रस्त्यावर, बंगळूरपासून साधारण 60 किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी आता पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांतही मिळतात. नात तीन महिन्यांची झाली तेव्हा अशाच एका प्रदर्शनातून दांडीवर सैल कड्या असलेला खुळखुळा घेतला. किंमत चारशे रुपयांच्या आत होती. ती आता सात महिन्यांची आहे.

ही खेळणी बहुधा काळ्या कुड्याच्या हलक्या, पांढरट लाकडाची असतात. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. बाळाच्या हातातली वस्तू क्षणात तोंडात जाते, त्यामुळे रंगाबद्दल आम्ही साशंक होतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोर लावून पुसले तरी रंग उतरला नाही आणि इतके दिवस लाळेत भिजूनही तो फिका पडलेला नाही. मात्र सगळेच कारागीर हळदीसारखे वनस्पतिजन्य रंग वापरतात असे गृहीत धरू नये, विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

सुरुवातीला खुळखुळा तिच्या हाती देण्यात अर्थ नव्हता, कारण त्या वयात मूल वस्तू मनाप्रमाणे धरू किंवा सोडू शकत नाही. तेव्हा खेळ आमच्याच हाती होता. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचे, म्हणजे मांडीवर घेणाऱ्याच्या चेहऱ्याइतक्या अंतरावरचे बरे दिसते. तिसऱ्या महिन्यात नजर हलत्या वस्तूमागे जाऊ लागली असली तरी आम्ही जवळूनच खेळलो. एका कानाजवळ खुळखुळा हळूच वाजवायचा, थांबायचे, तिने मान वळवली की तिच्याशी बोलायचे आणि तिने हुंकार दिला की तो पुरा होऊ द्यायचा. हे थांबणे मोठ्यांना जड जाते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा खुळखुळा हाती येताच तो अखंड वाजवत सुटे आणि ती तोंड फिरवून घेई. चौथा महिना सरता सरता ती स्वतः हात पुढे करू लागली. सहाव्यात तिला तो या हातातून त्या हातात घेता येऊ लागला. पालथे पडण्याचा तिला कंटाळा होता, तेव्हा हात पोहोचेल न पोहोचेल इतक्या अंतरावर तो ठेवल्याने ती जरा जास्त वेळ टिकू लागली. रांगू न लागलेल्या बाळांनी जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटे पालथे असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

घरात भेट आलेले दिव्यांचे, गाणी म्हणणारे बॅटरीचे खेळणेही आहे. ते सुरू केले की नात गप्प बसते हे खरे, पण आम्हीही गप्प बसतो. 2016 मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या, 10 ते 16 महिन्यांच्या 26 बाळांच्या आणि त्यांच्या पालकांच्या एका छोट्या अभ्यासातही, इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक पारंपरिक खेळणी किंवा पुस्तके असतानाच्या तुलनेत कमी शब्द बोलत असल्याचे आढळले होते. खुळखुळा स्वतःहून काहीच करत नाही, त्यामुळे बोलण्याचे काम माणसाकडेच राहते. माझ्या मते त्याचे पैसे इथेच वसूल होतात.

उणिवाही आहेत. लाकूड हलके असले तरी तीन-चार महिन्यांच्या मनगटाला ते भारीच, आणि उताण्या बाळाच्या हातातून खुळखुळा थेट नाकावर येऊ शकतो, म्हणून मोठे माणूस जवळ हवेच. दांडी बोटभर जाडीचीच निवडावी. कड्या अडवून धरणारी टोके नुसती चिकटवलेली असली तर ती ओढून-पिळून पाहावीत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे असले तरी भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे चिन्ह नसले म्हणजे माल खोटा असे नव्हे, पण तपासणीची जबाबदारी आपल्यावर येते. खुळखुळा उकळू किंवा पाण्यात भिजत ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा.

दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी तो घेण्याची घाई नको, त्या वयाला आईचा चेहरा आणि आवाज पुरतात. सहा महिन्यांपुढे हा एकच खुळखुळा पुरेसा आहे. दुकानदार गळ्यात मारतो तो सहा नगांचा संच घेण्याची गरज नाही. नात हल्ली तो मुद्दाम खाली टाकते आणि आम्ही उचलून देण्याची वाट पाहते. फरशीवर आपटून कडेची लाख टवकली की तिचे कपचे तोंडात जाऊ शकतात, तेव्हा खाली सतरंजी अंथरावी आणि टवका दिसताच खुळखुळा बाद करावा.