मधल्या डोक्याचा हान सोलो

माझी भोसरीला प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवणारी छोटी टूलरूम आहे आणि गेली एकोणीस वर्षे मी 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या पात्रांच्या जुन्या ॲक्शन फिगर्स, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या बाहुल्या, जमवत आलो आहे. त्यामुळे प्लास्टिकच्याच वस्तूत, आणि तेही मोल्डवाल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात त्या गोष्टीत, मी १,८०० डॉलरना फसलो हे लिहिताना संकोच वाटतो. मात्र माझ्या गळ्यात मारलेला नग ज्या साच्यातून निघाला, त्यातून आणखी नग निघत असल्याची आता खात्री झाल्यामुळे घडले ते सविस्तर मांडत आहे.

फसवणूक कशी जमली हे कळायला 'स्टार वॉर्स'मधल्या हान सोलो या पात्राच्या फिगरच्या डोक्याची हकीकत ठाऊक असायला हवी. मे १९७७ मध्ये चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे खेळणी तयारच नव्हती. त्या नाताळात तिने ग्राहकांना चक्क एक प्रमाणपत्र विकले आणि ल्यूक, लेया, च्युबाका व आर२-डी२ या चार फिगर्स पुढच्या वर्षी टपालाने पाठवल्या. १९७८ मध्ये पहिल्या बारा फिगर्सचा संच पुरा झाला. त्यांतल्या पावणेचार इंची हान सोलोचे डोके धडाच्या मानाने फारच लहान होते, म्हणून थोड्याच काळात केनरने धड तेच ठेवून डोके नव्याने, मोठे घडवले. संग्राहक आजही 'लहान डोके' आणि 'मोठे डोके' एवढेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला सगळे समजते. पुढे १९९५ मध्ये ही खेळणी पुन्हा निघाली तेव्हा हान आणि ल्यूक या दोघांच्याही छात्या तालमीतल्या पैलवानासारख्या फुगल्या होत्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सहा इंची ब्लॅक सिरीजमध्ये अंगाची प्रमाणे माणसात आली, आणि चेहरा नुसता रंगवण्याऐवजी छापण्याचे तंत्र आल्यावर डोळ्यांत जीव दिसू लागला. मला मात्र ओढ होती ती त्या पहिल्याच बदलाची. लहान डोक्याकडून मोठ्या डोक्याकडे जाताना मूर्तिकाराने मध्ये काही करून पाहिले असेल का, हा प्रश्न मी इतर संग्राहकांपुढे इतक्या वेळा काढला होता की विक्रेत्याला माझ्यासाठी वेगळे आमिष शोधावेच लागले नाही.

त्याचा पहिला निरोप जूनमध्ये आला. आपले काका केनरमध्ये होते, २००० साली केनरची नंतरची मालक कंपनी हॅस्ब्रोने सिनसिनाटीचे कार्यालय बंद केले तेव्हा त्यांनी एक खोके घरी आणले, आणि त्यात हान सोलोची एक हार्डकॉपी आहे जिचे डोके ना लहान आहे ना मोठे, असे त्याने लिहिले होते. पोलादी मोल्ड कापण्याआधी मूळ मूर्ती मेणात घडवत, तिच्यावर सिलिकॉनचा साचा घेत आणि त्यात राळ (रेझिन) ओतून जे मोजके कडक नमुने काढत, त्यांना हार्डकॉपी म्हणतात. केनरचे असे खरे नमुने जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरांतून बाहेर आलेले आहेत, म्हणून काकांची गोष्ट ऐकायला मुळीच अशक्य वाटत नाही. शिवाय अशा नमुन्यांच्या किमती कुठवर जातात हे सर्वांना माहीत आहे: रॉकेट उडवणाऱ्या बोबा फेट या पात्राच्या फिगरचा, कधीच विक्रीला न आलेला, एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला. त्यापुढे १,८०० म्हणजे मला घबाडच वाटले. एवढी स्वस्त का, हा प्रश्न मनात आला होता, विचारला नाही.

छायाचित्रे त्याने उत्तम पाठवली, पण सगळी समोरून आणि बाजूने. पायांच्या मागचा भाग मागितल्यावर 'संध्याकाळी पाठवतो' असे उत्तर आले, आणि संध्याकाळी छायाचित्राऐवजी दुसरा गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार असल्याची बातमी आली. नमुना तपासून प्रमाणित करणाऱ्यांकडे पाठवण्याचा खर्च मी देतो म्हटले, तर त्यात दोन महिने जातील आणि तोवर थांबता येणार नाही, असे तो म्हणाला. मी भाच्याला फोन केला. तो ओहायोत असतो. त्याने विक्रेत्याच्या आग्रहावरून पैसे मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायाने पाठवले, ज्यात वस्तू खरेदी केल्याची नोंदच होत नाही आणि म्हणून खरेदीदाराला मिळणारे संरक्षणही लागू होत नाही. "मामा, ही पद्धत मला बरोबर वाटत नाही," असे तो म्हणाला होता. मी त्याला गप्प केले, हे इथे लिहिणे भाग आहे.

खोके भाच्याकडे पोचले आणि दिवाळीला तो पुण्यास आला तेव्हा, म्हणजे चार महिन्यांनी, ती फिगर माझ्या हातात पडली. हिरवट राळ, हलकासा जुनाट वास, सगळे छायाचित्रांसारखेच. दोन दिवस मी ती सर्वांना दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी कारखान्यात सहज व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, हाती आला म्हणून तिचे धड मोजले, मग माझ्याकडच्या बाजारी हान सोलोचे मोजले, आणि खुर्चीत बसलो.

कारण सोपे आहे. मोल्डमधून निघालेले प्लास्टिक थंड होताना आकसते, म्हणून मोल्डच्या आधीचा खरा नमुना बाजारातल्या फिगरपेक्षा किंचित मोठा भरतो. उलट, बाजारातल्या फिगरवरच सिलिकॉनचा साचा घेऊन राळ ओतली, तर तीही घट्ट होताना थोडी आकसते आणि नक्कल मूळ फिगरहून लहान निघते. माझा 'नमुना' खांद्यापासून कमरेपर्यंत बाजारी फिगरपेक्षा ०.२ मिलिमीटरने लहान होता. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर श्रिंकेज, म्हणजे प्लास्टिक किती आकसेल ते, लिहिलेले नसेल तर मी ड्रॉइंग परत पाठवतो. इथे मात्र माप मागवावेसे चार महिने सुचले नाही.

मग विजेरी आडवी धरून पायांची मागची बाजू पाहिली. बाजारी फिगरच्या पायामागे जी.एम.एफ.जी.आय., म्हणजे केनरची तेव्हाची मालक असलेल्या जनरल मिल्सच्या खेळणी विभागाची आद्याक्षरे, १९७७ हे साल आणि देशाचे नाव उठवलेले असते. माझ्या फिगरवर ती जागा पॉलिश पेपरने घासलेली होती, पण तिरप्या उजेडात दोन अक्षरांच्या कडा अजून दिसत होत्या. 'मधले डोके' हे मोठ्या डोक्याचे केस आणि हनुवटी घासून केलेले होते. घासण्याच्या रेघा भिंगातून मोजता येतात.

विक्रेत्याचे खाते तोवर बंद झाले होते. भाच्याने पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली आणि अपेक्षित तेच उत्तर आले.

जानेवारीत एका ओळखीच्या संग्राहकाने मला त्याला देऊ केलेल्या अशाच एका 'नमुन्या'ची तीन छायाचित्रे दाखवली. या वेळी काकांऐवजी शेजारी होते आणि राळ राखाडी होती. सिलिकॉनचा साचा घेताना त्यात हवेचा बुडबुडा अडकला तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर त्याच जागी गाठ उमटते. माझ्या हान सोलोच्या डाव्या बुटावर, टाचेच्या किंचित वर, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी गाठ आहे. त्या छायाचित्रांतही ती होती. कोणी मधले डोके देऊ केले, तर प्रथम डाव्या टाचेचे छायाचित्र मागावे.