मुलाखतीचा शर्ट: रेडीमेड की शिवलेला?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून मुलाखतीचा फोन आला आणि हातात दोनच दिवस असले, तर सरळ महाद्वार रोडला जाऊन रेडीमेड घ्या. सणासुदीत तर शिंप्याच्या मागे लागूच नका. पण घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. बाही नंतर कमी करता येते, खांदा दुरुस्त करणं अवघड. गळ्याचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत.

आठवडाभर हाताशी असेल, तर माझं मत शिवलेल्यालाच. तालमीत खांदे कमावलेल्या पोराला रेडीमेड छातीत घट्ट आणि पोटाशी ढगळ होतं. मापाने शिवलेल्या शर्टात खुर्चीत बसल्यावर बटणांमध्ये फट पडत नाही, आणि मुलाखत बसूनच होते! सुती कापड शिवायला टाकण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. पावसाळ्यात मात्र टेरिकॉट, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, बरं. कोल्हापूरच्या जुलैत सुती शर्ट लवकर वाळत नाही.

रंगाचं दोन्हीकडे सारखंच: पांढरा किंवा फिकट निळा.