घरच्या अरुंद गॅरेजात मारुती ८०० चं इंजिन: वरून काढायचं की खालून?

इंजिन उतरवायचं ठरलं की बहुतेकांना पहिली चिंता वजनाची वाटते. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या आसपास धरा. एक टनाच्या चेन ब्लॉकला (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) ते वजन म्हणजे काहीच नाही. घरच्या गॅरेजात काम अडतं ते डोक्यावरच्या उंचीपाशी, आणि इंजिन सुटल्यावर गाडी किंवा इंजिन सरकवायचं कुठे या प्रश्नापाशी. त्यामुळे पाने काढायच्या आधी टेप काढा.

त्याच्याही आधी एक प्रश्न: इंजिन उतरवायची खरंच गरज आहे का? अॅक्सिलरेटर सोडून परत दाबताना निळा धूर येत असेल आणि कॉम्प्रेशन ठीक असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. ते काम हेडपुरतं आहे. नुसत्या रिंगा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बदलायची असतील तर हेड वरून, चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) खालून उतरवून पिस्टन वर ढकलून काढता येतात, ब्लॉक गाडीतच राहतो. बोअर करायचा (सिलिंडर आतून कापून मोठा करायचा) असेल, क्रँक ग्राइंडिंगला द्यायची असेल, ब्लॉकला तडा असेल किंवा अख्खं इंजिनच बदलायचं असेल, तरच खालचं सगळं वाचा.

उंचीचा हिशेब

गाडी ३३३५ मिमी लांब, १४४० रुंद आणि १४०५ उंच. गॅरेज पाच मीटर लांब धरलं तर गाडी आत गेल्यावर साधारण साडेपाच फूट उरतात.

वरून काढताना इंजिनाचा तळ बॉनेटखालच्या पुढच्या आडव्या पट्टीच्या वर आला पाहिजे. ही पट्टी जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असते. तुमच्या गाडीवर टायर आणि स्प्रिंगा जशा असतील तसा इंच-दोन इंचांचा फरक पडेल. त्यावर लोंबणारं इंजिन दोन फूट, मोकळीक दोन इंच, साखळी आठ इंच. हे झाले पाच फूट चार इंच. आता चेन ब्लॉक जोडा. एक टनाचा ब्लॉक पूर्ण ओढून घेतला तरी दोन हुकांमध्ये १२ ते १४ इंच उरतातच. वर शॅकलचे (टांगायच्या यू आकाराच्या कड्याचे) दोन इंच आणि गर्डरचे चार. बेरीज सात फूट. म्हणजे गॅरेज सात फुटांचं असेल तर जेमतेम, आणि मध्ये बीम खाली आलेला असेल तर नाहीच. उंची बीमखाली मोजायची, स्लॅबखाली नाही.

चाकांवरच्या हायड्रॉलिक क्रेनचा हिशेब उलटा निघतो. तिच्या हुकावर जेमतेम सहा इंच जातात, चेन ब्लॉकसारखा फूटभर नाही. मात्र क्रेनचे पाय गाडीखाली घालायला पुढची चाकं पाच-सहा इंच ठोकळ्यांवर घ्यावी लागतात आणि तेवढी पट्टी वर जाते. तरी एकूण सहा फूट आठ इंचांत भागतं. कमी उंचीच्या जागेत क्रेन चालणार नाही असं वाटतं, पण ती उंचीपेक्षा लांबी जास्त खाते.

| | चेन ब्लॉक आणि लोखंडी चौकट | हायड्रॉलिक क्रेन | खालून उतरवणे |
|---|---|---|---|
| किमान उंची | ७ फूट | ६ फूट ८ इंच | ६ फूटही चालतात |
| मोकळी लांबी | गाडीमागे ३-४ फूट | गाडीपुढे ५ फूट किंवा जास्त | गाडीपुढे ३ फूट |
| काय हलतं | गाडी मागे | इंजिन पुढे | इंजिन ट्रॉलीवर |
| नंतर गाडी ढकलता येते? | हो | हो | नाही |

चेन ब्लॉक

याची मेख अशी की इंजिन लोंबतं तिथेच राहतं आणि त्याच्याखालून गाडी मागे ढकलायची. त्यामुळे गाडीच्या मागे जागा हवी, आणि चाकं फिरती हवीत. म्हणून ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक तेवढं गिअरबॉक्समधून पहारीनं अलगद उचकून काढा. बाहेरचं टोक आणि हबचं नट यांना हात लावू नका. शाफ्ट तारेनं बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका. हबमधून शाफ्ट काढून त्याच चाकांवर गाडी ढकलली की बेअरिंगवर नको तसा दाब येतो आणि महिन्याभरात घरघर सुरू होते. शाफ्ट काढायच्या आधी गिअर ऑइल रिकामं करायचं, नाहीतर ते फरशीवर येईल. ऑइल सांडलेल्या फरशीवर गाडी ढकलणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे.

ब्लॉक टांगायचा कशाला, इथे बरेच जण घसरतात. पंख्याच्या हुकाला अजिबात नाही. चार-पाच इंचांच्या स्लॅबमध्ये भोक पाडून अँकर बोल्ट ठोकून त्यालाही नाही. सरळ खाली ओढ बसली की असा बोल्ट काँक्रीटसकट निघू शकतो, आणि निघायच्या आधी काही सांगत नाही. फॅब्रिकेटरकडून दोन बाजूंना ए आकाराचे पाय आणि वर १०० मिमीचा आय गर्डर अशी बोल्टची चौकट करून घ्या. पायांना आडवे तिरके जोड हवेतच, कारण अशी चौकट मोडण्याआधी कलंडते. काम झालं की सुटी करून भिंतीला टेकवता येते. बोअरवेलची मोटर काढणारे वापरतात ती उंच तिपाई भाड्यानं मिळते, पण ती अंगणातली वस्तू. स्लॅबखाली मावत नाही, आणि जून ते सप्टेंबर अंगणात इंजिन उघडण्यात अर्थ नाही.

क्रेन

दोन टनाची घडीची क्रेन घ्या किंवा भाड्यानं आणा. त्या दोन टनावर भुलू नका. तो आकडा हात पूर्ण आत घेतलेला असतानाचा. हात पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन बहुधा अर्ध्या टनाची राहते. ८०० ला तेवढं पुरेसं आहे, पण हात लांबवला की पायही तेवढेच लांबवायचे.

मागची भिंत आणि पाच मीटर लांबी पाहता गाडी उलटी आत घ्या, नाक शटरकडे. मग क्रेन दारात उभी राहते. इथे दोन अडचणी येतात. शटरबाहेर रस्त्याकडे उतार असतो. लोंबतं इंजिन घेऊन क्रेन उतारावर आणायची नाही, इंजिन आतच खाली टेकवायचं. दुसरी अडचण फरशीची. क्रेनची लोखंडी चाकं लहान असतात, शहाबादी फरशीच्या सांध्यात किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक चाक अडकलं की इंजिन झोका घेतं आणि रेडिएटर किंवा तुमचा गुडघा गाठतं. चाकांच्या वाटेवर १२ मिमीचं प्लायवूड अंथरा. क्रेन हलवायच्या वेळी इंजिन उंच ठेवायचं नाही, पट्टी ओलांडली की लगेच फूटभर उंचीवर आणायचं.

जागा बसत असेल तर एकट्यानं, फार तर दोघांनी करायचं काम म्हणून क्रेन सगळ्यांत सोयीची. पंप मारायला जोर लागत नाही आणि परत बसवताना सूतभर वर, सूतभर खाली करणं तिच्यावर जास्त जमतं.

खालून

डोक्यावर बीम आहे, पुढे भिंत आहे, क्रेन येत नाही, अशा जागी हा मार्ग उरतो. इंजिन १८ मिमी प्लायच्या चाकाच्या ट्रॉलीवर टेकवायचं, फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) बोल्ट सोडायचे आणि गाडीचं तोंड उचलायचं. इंजिन दोन फूट आणि ट्रॉली पाच इंच, म्हणजे बंपरखाली जवळजवळ अडीच फूट हवेत. बंपर मुळात नऊ-दहा इंचांवर असतो, म्हणून तोंड सुमारे वीस इंच उचलावं लागतं. घरगुती स्टँडची उंची तिथे संपत येते. स्टँडखाली विटा रचू नका, वीट दाबाखाली फुटते. जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे चौकात रचा, आणि दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून उटी (अडसर) लावा. उचलण्याच्या वेळी गाडीखाली कुणाचा हात नसावा.

याची खरी किंमत नंतर कळते. ब्लॉक बोअरिंगला गेला आणि मशिन शॉपनं परवाचा वायदा पुढच्या आठवड्यावर नेला, की तेवढे दिवस गाडी ठोकळ्यांवर तिरकी उभी. ढकलता येत नाही, घरची स्कूटर आत येत नाही, आणि लहान मूल असलेल्या घरात कुलूप लावून ठेवावं लागतं. ८०० साठी आम्ही हा मार्ग शेवटचा धरतो. ऑम्नीची गोष्ट निराळी: तिथे इंजिन पुढच्या सीटांखाली लांबीच्या दिशेनं असतं आणि खालूनच उतरवतात. ऑम्नीवाल्यांना निवड करायचीच नाही.

गिअरबॉक्ससकट की वेगळा?

आडव्या इंजिनात दोन्ही वरूनच सुटे करायचे तर इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून बाजूला सरकवून घ्यावं लागतं, आणि तेवढी जागा ८०० च्या कुशीत नाही. म्हणून एक तर दोन्ही एकत्र वर घ्या, नाहीतर क्लचच्या कामात उतरवतात तसा गिअरबॉक्स आधी खालून काढा आणि मोकळं इंजिन उचला.

वेगळं काढलं की वजन आणि लांबी दोन्ही घटतात, तिरकं करायची कसरत वाचते. पण बसवताना गिअरबॉक्स छातीवर घेऊन शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये जुळवायचे, तेही वरती हात पुरत नसताना. जुळत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. तिथेच हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. उंची पुरत असेल तर एकत्रच काढा. जुळवणी जमिनीवर, डोळ्यांसमोर होते.

उचलताना हेडवरच्या मूळ कड्यांनाच साखळी लावा. इनटेक मॅनिफोल्ड किंवा थर्मोस्टॅटच्या अॅल्युमिनियमच्या घराभोवती दोर गुंडाळायचा नाही. गिअरबॉक्सकडची साखळी थोडी लांब ठेवा, म्हणजे ते टोक खाली झुकतं आणि जागेतून निघतं.

दोन इंच उचललं की थांबा आणि चारी बाजूंनी टॉर्च फिरवा. हमखास राहतात त्या गोष्टी ठरलेल्या: गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, हीटरचे दोन पाइप. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबली दिसतात म्हणून सहसा विसरत नाहीत.

आणि पेट्रोल. कार्बोरेटरच्या गाडीत येणारा आणि परत जाणारा असे दोन्ही पाइप बोल्ट घालून क्लिपनं बंद करा. एमपीएफआयमध्ये (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत) आधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग पाइप सोडा. बंगल्याच्या पार्किंगमध्ये इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या मोटरचा स्टार्टर असतोच. त्या दिवशी दोन्ही बंद ठेवा, शटर उघडं ठेवा. एमपीएफआयचं इंजिन असं बंद पाडून झालं की बाकी काहीही सोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची; कार्बोरेटरच्या गाडीत ती सगळ्यांत आधी.

बदली इंजिन घेताना

७९६ सीसी एवढंच बघून इंजिन उचलू नका. त्या मापात ६ व्हॉल्व्हचं कार्बोरेटरवालं, ६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय आणि १२ व्हॉल्व्हचं एमपीएफआय अशी वेगवेगळी इंजिनं आहेत. कार्बोरेटरच्या गाडीत एमपीएफआय घालायचं म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, टाकीतला पंप आणि जास्त दाबाचे पाइप, सगळंच आलं. ऑम्नीचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण बसवण्याची दिशा वेगळी असल्यामुळे चेंबर आणि फाउंडेशनचे ब्रॅकेट जुळत नाहीत. सरळ उत्तर: जसं होतं तसंच घ्या.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात हाफ इंजिन (हेडशिवाय) आणि फुल इंजिन दोन्ही मिळतात. आपलं जुनं हेड दुरुस्त करून घेतलेलं असेल तरच हाफ घ्या. कॉम्प्रेशन गेज सोबत न्या. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमधला फरक चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त असेल तर सोडा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे. इंजिन जमिनीवर असताना टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं ऑइल सील नवीनच घाला. हे सील शे-दोनशेचं, पण नंतर गळलं तर सगळं पुन्हा उतरवायचं. ब्लॉक आणि गिअरबॉक्समधल्या दोन पोकळ पिना जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात, त्या आठवणीनं काढून घ्या.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन आधी मंजुरी न घेता बदललं तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी दुरुस्त करून घ्यायची असते. तेव्हा विकणाऱ्याकडून बिल आणि त्या इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद घ्या. नंबर खोडलेला किंवा घासलेला दिसला तर भाव विचारायच्या भानगडीत पडू नका. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे बहुतेक गाड्या १५ वर्षांच्या नूतनीकरणापाशी पोचल्या किंवा पुढे गेल्या आहेत, आणि त्या तपासणीत इंजिन नंबर बघतात. स्वतःचाच ब्लॉक बोअर करून बसवला तर हा प्रश्न येत नाही.

बसवून झाल्यावर चावी मारायची घाई नको. प्लग काढा, कॉइलची तार सोडा, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. मग प्लग लावून चालू करा, हीटर गरमवर ठेवून कूलंटमधली हवा काढा. फाउंडेशनचे बोल्ट इंजिन चालून गार झाल्यावर एकदा परत आवळा; पहिल्या दिवशीचा ठोका बहुधा तिथूनच येतो.