ब्लूथनरची चौथी तार: अकरा महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात आमच्या पियानोतून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक पट्टी निघाली. हिरवी, विटलेली, बोटभर रुंद, आणि तिच्यावर तारांच्या गंजाच्या बारीक रेघा. ही पट्टी निघाली नसती तर मी या पियानोबद्दल आज वाईटच लिहिलं असतं.

पियानो ब्लूथनरचा. 1.90 मीटरचा ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा, क्रमांकावरून 1911 सालचा. आम्ही लाइपझिगमध्ये राहतो आणि ब्लूथनर ही पियानो कंपनी याच गावची, 1853 पासून. नवा ग्रँड आम्हाला झेपणाराच नव्हता. हा जुना, दुरुस्त केलेला, 8,900 युरोंना मिळाला. तिसऱ्या मजल्यावर चढवायचे 600 वेगळे. एवढे पैसे आम्ही कार सोडून कशावरही खर्च केलेले नाहीत.

पहिले सहा महिने मन खट्टूच होतं. खर्ज भरदार, मधलं सप्तक मऊ, गाण्याला साथ करावी तर यानेच. पण वरची दोन सप्तकं कोरडी. मुलगी वरच्या पट्ट्यांवर गेली की स्वर लाकडावर टिचकी मारल्यासारखा यायचा आणि विझायचा. विकणाऱ्याचा ट्यूनर दोनदा आला, दोन्ही वेळा 140 युरो घेतले, आणि "शंभर वर्षांचं वाद्य आहे, वरचा भाग असाच राहणार" म्हणून गेला. मला ते पटलं नाही, पण विरोध करण्याइतकं ज्ञानही नव्हतं.

आधी मी दोष मेकॅनिकला, म्हणजे बोटाने दाबलं की हातोडी हलवणाऱ्या यंत्रणेला दिला. जुन्या ब्लूथनरची ती पेटंट मेकॅनिक घेऊ नका असं जो तो सांगतो. ते मत आता मागे घेते. एकच पट्टी झपाट्याने वाजवताना ती अडते हे खरं, पण बाकी बोटाखाली इतकी हलकी आहे की मुलगी शिक्षिकेच्या नव्या पियानोपेक्षा इथेच जास्त रमते.

मग हवेला दोष दिला. तो थोडा बरोबर निघाला. जानेवारीत हीटर चालू असताना आर्द्रता 28 टक्क्यांवर आली होती. साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची आवाज घुमवणारी फळी, स्प्रूसच्या लाकडाची, ती सुकून आकसली की स्वर उतरतात. 45 च्या वर ठेवायला ह्युमिडिफायर घेतला, त्याचे 180 युरो. स्वर टिकायला लागले, पण वरचा कोरडेपणा गेला नाही.

शेवटी दुसऱ्या कारागिराला बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, ब्लूथनरचा कारखाना सरकारी होता त्या काळात तिथेच शिकलेला. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना जळाला, 1972 मध्ये पूर्व जर्मन सरकारने ताब्यात घेतला, जर्मनीच्या एकीकरणानंतर तो ब्लूथनर घराण्याकडे परत आला, हे सगळं त्याने झाकण उघडता उघडता सांगितलं. मग वाकला, एका तारेला नखाने छेडलं. आवाजच नाही. चिमटा घालून त्याने ती पट्टी ओढून काढली.

ब्लूथनरच्या ग्रँडमध्ये वरच्या स्वरांना तीन तारांशेजारी चौथी तार असते, 1873 च्या पेटंटची, अ‍ॅलिकॉट. ती जराशी उंचावर बसवलेली, त्यामुळे खालून येणारी हातोडी तिला शिवतच नाही. बाकी तिघी वाजल्या की ती आपोआप झंकारते. माझं माहेर मिरजेचं. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाणाऱ्या मुलीला हे समजवायला नको. ही तर सतारीची तरफेची तार आहे! सतारीच्या तरफा दाबून ठेवून कोणी सतार विकली तर मिरजेत त्याला दुकानात उभं करणार नाहीत.

पट्टी कोणी घातली ते कळणार नाही, पण का घातली ते त्याने सांगितलं. या तारेवर हातोडी पडत नाही, म्हणून लावताना प्रत्येक तार हाताने छेडावी लागते. वेळ जातो. न लावता सोडली तर ती बेसूर घोंगावते. म्हणून नमदा कोंबून गप्प करायचं. दोनदा 140 युरो घेणाऱ्याने आत वाकून एक तार छेडली असती तर कळलं असतं. त्याचा मला अजून राग आहे.

नव्या कारागिराला तीन तास लागले, 210 युरो घेतले. त्यानंतर मुलीने वरचा एकच स्वर वाजवून बोट उचललं आणि आम्ही दोघी तो विरेपर्यंत ऐकत राहिलो. याच पैशात नवा जपानी अपराइट, म्हणजे उभा पियानो, आला असता, असं मी सहा महिने म्हणत होते. आता म्हणत नाही.

जुना ब्लूथनर बघायला जाल तेव्हा झाकण उघडून प्रत्येक चौथी तार नखाने छेडून बघा, आणि विकणाऱ्याच्या समोरच बघा. आमच्यातल्या दोन तारा गंजून बाद झाल्या आहेत, खुंट्या मात्र घट्ट आहेत. हीटर बंद झाले की एप्रिलमध्ये तो नव्या तारा घालायला येणार आहे.