कोपर धरलंय: बीपीसी-१५७ की फिजिओथेरपी?

नाशिकच्या गंगापूर रोडच्या जिममध्ये असो की छाटणीनंतर द्राक्षबागेत, कोपर धरलं की हल्ली कुणीतरी सांगतं, ‘बीपीसी-१५७ टोचून घे.’

हे पेप्टाइड म्हणजे १५ अमिनो आम्लांची साखळी, जठररसातल्या प्रथिनावर बेतलेली. उंदरांमध्ये दुखावलेले टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) त्याने लवकर भरून आले, हे खरं. माणसांवरचे अभ्यास मात्र अगदी मोजके नि छोटे. नव्या रक्तवाहिन्या फुटायला ते मदत करतं, त्यातूनच भरून येण्याची आशा. पण शरीरात लपलेल्या कर्करोगाच्या गाठीलाही तोच रक्तपुरवठा मिळाला तर? वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे, म्हणजे स्पर्धेतल्या खेळाडूंचा प्रश्नच मिटला. मला जास्त भीती कुपीची वाटते. लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’, आत पांढरी पावडर. त्यात घरीच पाणी घालायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने टोचायचं. आत नेमकं काय आहे, निर्जंतुक आहे का, कोण तपासणार?

फिजिओथेरपी कंटाळवाणी, मान्य. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. पाण्याची भरलेली बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडायचं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. सुरुवातीला थोडं ठणकतं, तेव्हा डायक्लोफेनॅकचं जेल लावा.

माझं मत फिजिओच्या बाजूने, आणि त्यात फारशी घासाघीस नाही. बोटं बधिर होत असतील किंवा पकड सुटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.