मोझॅकप्लास्टी: ज्या गुडघ्यातून काढलं, त्याचं काय?

मोझॅकप्लास्टी म्हणजे सांध्यातल्या कूर्चेत (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरात) पडलेला खड्डा त्याच रुग्णाच्या गुडघ्यातून काढलेल्या तुकड्यांनी भरायची शस्त्रक्रिया. तिचं कौतुक होतं ते भरलेल्या खड्ड्यावरून. एमआरआयवर कूर्चा सपाट दिसली की सगळे खूश. पण ही शस्त्रक्रिया म्हणजे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. ज्याची टोपी गेली त्याची विचारपूस सहसा होत नाही, म्हणून हे परीक्षण डोनर साइटच्या, म्हणजे जिथून तुकडे काढले त्या जागेच्या बाजूने.

हंगेरीच्या लास्लो हँगोडी यांनी १९९२ पासून ही पद्धत रुग्णांवर वापरली. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, वाटीच्या आजूबाजूच्या कडेवरून कूर्चा आणि तिच्याखालचं हाड असे गोल प्लग काढायचे आणि खराब जागी शेजारी शेजारी बसवायचे. हिशेब सरळ आहे: ६.५ मिमी व्यासाचे तीन प्लग म्हणजे जेमतेम १ चौ. सेंमी, आणि तेवढीच जागा देणाऱ्या बाजूला उघडी पडते. खड्डा १ ते ४ चौ. सेंमीचा असला तर ही पद्धत चालते. चारच्या जवळ गेल्यावर आम्ही तरी दुसरा पर्याय बघू.

कसब आहे ते प्लग काढण्यात. छिन्नी पृष्ठभागाला काटकोनातच हवी. तिरकी गेली की प्लगवरची कूर्चा एका बाजूला उंच राहते आणि शेजारची दोन छिद्रं आत खोलवर एकमेकांना भिडतात. मधली भिंत साधारण ३ मिमी राखली नाही तर ती ढासळते. खोली १५ मिमी, खड्ड्याखालचं हाडही खराब झालं असेल तर २५. कडेवरच्या जागेवर भार कमी असतो, शून्य नसतो. दोन कॉन्डाइलच्या (मांडीच्या हाडाच्या टोकाच्या दोन गोलाकार उंचवट्यांच्या) मधल्या खाचेतून काढावं तर तिथली कूर्चा पातळ आणि आत वळलेली, नव्या जागी नीट जुळत नाही.

मागे राहिलेल्या छिद्रात रक्त साचतं, मग हाड भरतं, वर तंतुमय कूर्चा येते. मूळची गुळगुळीत कूर्चा काही परत येत नाही. पहिल्या दिवशीचा खरा त्रास रक्तस्रावाचा: गुडघा ढोलासारखा ताणला जातो, पाय उचलवत नाही. ड्रेन (साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी), बर्फ आणि इलॅस्टिक बँडेज यांत कंजुषी नको.

आता आकडे. २०१६ मध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात प्लग गुडघ्यातून गुडघ्यातच लावले तेव्हा डोनर साइटची तक्रार ५.९ टक्के, आणि घोट्यातला खड्डा भरायला गुडघ्यातून काढले तेव्हा १९.६ टक्के. आमच्या मते एक कारण असं की, आधीच दुखणाऱ्या गुडघ्यात नवी कुरकुर हरवून जाते, धडधाकट गुडघ्यात ती लगेच कळते. शिवाय घोट्याच्या रुग्णाचा सगळा व्यायाम घोट्याचाच, गुडघ्याकडे कुणी बघत नाही. तक्रारी बहुतेक वाटीच्या: जिना उतरताना दुखणं, करकर, मध्येच गुडघा दगा देणं.

उपाय स्वस्त आहे. सर्जननी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. मग पाय सरळ उचलायचा. टाच वर येताना गुडघा किंचित वाकत असेल तर क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) अजून जागा झालेला नाही. वजन बांधायची घाई नको. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं सर्जन सांगेपर्यंत बंद, घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

गुण: गुडघ्यासाठी पाचपैकी चार, घोट्यासाठी तीन.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा: किती प्लग, किती मिमीचे, कोणत्या गुडघ्यातून, आणि छिद्रं मोकळी ठेवणार की कृत्रिम प्लगने भरणार? भरणार असतील तर बिलात त्याची वेगळी ओळ किती रुपयांची आणि न भरता काय बिघडेल, हेही तिथेच विचारा. मोकळी ठेवलेली छिद्रंही भरून येतात.