निओड की आरोल्सेन: युद्ध आणि वंशसंहारावर काम करायचं तर आधी कुठे जावं?

माणूस शोधायचा असेल तर जर्मनीतलं आरोल्सेनचं अभिलेखागार गाठा, सरकारचा माग काढायचा असेल तर ॲमस्टरडॅमची निओड ही संस्था. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो आणि बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या आणि युरोपची फेरी एकदाच परवडणाऱ्या मंडळींसाठी थोडं सविस्तर लिहायला हवं.

निओड ही युद्ध, होलोकॉस्ट आणि वंशसंहाराचा अभ्यास करणारी नेदरलँड्सची राष्ट्रीय संस्था, ॲमस्टरडॅमची. ५ मे १९४५ ला देश नाझी जर्मनीच्या ताब्यातून मुक्त झाला आणि ८ मे रोजी संस्था उभी राहिली. कागद जमवण्याची हाक मात्र आधीच गेली होती. २८ मार्च १९४४ ला परागंदा डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी लंडनहून रेडिओवर सांगितलं की साध्या माणसांच्या रोजनिश्या आणि पत्रं जपून ठेवा, नुसत्या सरकारी कागदांवर इतिहास लिहिता येणार नाही. ॲमस्टरडॅममध्ये नाझींपासून लपून बसलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने ते ऐकलं आणि आपली रोजनिशी छापण्याजोगी व्हावी म्हणून ती पुन्हा लिहायला घेतली. तिचे वडील ऑटो १९८० साली वारले, तेव्हा मूळ हस्तलिखितं मृत्युपत्राने याच संस्थेकडे आली. ती बनावट असल्याची आवई उठवणारे होतेच. संस्थेने न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून कागद, शाई आणि हस्ताक्षर तपासून घेतलं आणि १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांशी झटापट केलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल: मुलीचा पहिला मसुदा, तिनेच केलेलं पुनर्लेखन आणि छापून आलेला मजकूर, तिन्ही एकाच ठिकाणी.

आरोल्सेनचा जन्मच वेगळा. जर्मनीत कासेलजवळच्या बाड आरोल्सेन या छोट्या गावात, युद्धानंतर हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी मित्रराष्ट्रांनी चालवलेली ही कचेरी. आज तिच्यावर ११ देशांच्या आयोगाची देखरेख आहे, म्हणजे ती कुणा एका राष्ट्राची नाही. तिथली मध्यवर्ती नामसूची म्हणजे सुमारे ५ कोटी कार्डं, पावणेदोन कोटी माणसांची. कार्डं लावली आहेत उच्चाराच्या हिशेबाने, कारण एकच पोलिश किंवा रशियन आडनाव नाझी छळछावणीच्या कारकुनाने एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, रुग्णालयाच्या नोंदीत दुसऱ्या आणि जहाजाच्या यादीत तिसऱ्याच. शिवाय पाकिटं. कैद्यांकडून काढून घेतलेलं घड्याळ, अंगठी, घडी पडलेला फोटो, वर नाव आणि क्रमांक. त्यांतली बरीचशी नॉयनगाम्म छावणीतली. ही पाकिटं नातेवाइकांना शोधून परत करण्याचं काम अजून चालू आहे, आणि कुटुंबीयांच्या चौकशीला पैसे पडत नाहीत.

आता निवड. आरोल्सेनचे बहुतेक कागद ऑनलाइन आहेत. छावणीची कार्डं छापील रकान्यांची असतात: नाव, जन्मतारीख, धंदा, आणल्याचा दिवस. पुण्यात शाळा-कॉलेजात किंवा मॅक्स म्युलर भवनात दोन-तीन पातळ्या जर्मन केलेल्याला शब्दकोश हाताशी घेऊन ती लागतात. त्यामुळे तुमचा विषय एखादी छावणी, एखादा गट किंवा सक्तमजुरांची एखादी तुकडी असेल, तर निम्मं काम घरबसल्या होईल. विमानाचं तिकीट काढण्याची घाई करू नका.

निओडचं तसं नाही. तिथले मूळ कागद डच आणि जर्मन, पुष्कळसे हाताने लिहिलेले, आणि डच शिकवणारं आपल्याकडे सहजी सापडत नाही. तरीही माझं मत विचाराल तर भारतातून जाणाऱ्या संशोधकाला निओडच जास्त देते. कारण तिथे कागदांबरोबर एक भांडणही पाहायला मिळतं: सरकारच्या पैशाने चालणारी संस्था सरकारची चौकशी किती करू शकते?

स्रेब्रेनित्साच घ्या. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या त्या गावात, जे संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलं होतं आणि डच तुकडीच्या ताब्यात होतं, बोस्नियन सर्ब फौजेने आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. १९९६ साली डच सरकारने चौकशी निओडकडे सोपवली. अहवाल यायला एप्रिल २००२ उजाडला. सैनिकांना धड अधिकार नाहीत, पुरेशी शस्त्रं नाहीत, अशा कामगिरीवर पाठवलंच कसं, असा त्याचा रोख होता. सहा दिवसांत पंतप्रधान विम कोक यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वाचलेल्या बोस्नियन कुटुंबांचं समाधान मात्र झालं नाही. अहवाल डच सैनिकांना फारच समजून घेतो, असं त्यांना वाटलं, आणि मलाही तो आरोप अगदी निराधार वाटत नाही. २०१९ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३५० पुरुषांच्या मृत्यूबाबत राज्याची १० टक्के जबाबदारी ठरवली. अहवाल आणि निकाल शेजारी ठेवून वाचले, तर इतिहासकाराची आणि न्यायाधीशाची चौकशी कुठे वेगळी होते ते दिसतं. अहवाल इंग्रजीतही आहे.

दुसरं प्रकरण इंडोनेशियाचं, आणि इथे आपला थेट संबंध येतो. १९४५ ते १९५० या काळात, स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या या वसाहतीत डच फौजेने काय केलं, यावर दीर्घकाळ ‘तुरळक अतिरेक’ एवढंच सरकारी उत्तर होतं. संस्थेचे पहिले संचालक लू द योंग यांनी आपल्या महाग्रंथात युद्धगुन्हे हा शब्द वापरायचं ठरवलं, तर १९८७ मध्ये मसुदा फुटला, माजी सैनिक खवळले आणि छापताना भाषा मवाळ झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये निओड आणि आणखी दोन संस्थांनी निष्कर्ष मांडला: टोकाची हिंसा व्यापक होती, पद्धतशीर होती आणि वरिष्ठांनी ती खपवून घेतली. पंतप्रधान रुटे यांनी त्याच दिवशी माफी मागितली. निओड ज्या वाड्यात आहे तो हेरेनग्राख्त ३८०, बांधला होता सुमात्रातल्या तंबाखूवर गब्बर झालेल्या याकोब निनहाउस यांनी. फ्रेंच राजवाड्याच्या थाटाची ती दर्शनी भिंत कालव्यावरून जाताना बघाच.

महायुद्धानंतर डच परतण्याआधी इंडोनेशियात उतरली ब्रिटिशांची हिंदी फौज. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाला ब्रिगेडियर मॅलबी यांच्या हाताखाली मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, आणि तिथल्या धुमश्चक्रीत मॅलबी मारले गेले. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशात गुलाम देशाची पलटण! यावर मराठीत कुणी नेटाने लिहिलं पाहिजे. डच बाजू निओडला मिळेल, पलटणींच्या युद्धरोजनिश्यांसाठी मात्र लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागेल. आरोल्सेनचा इथे उपयोग नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्यावर काम करणाऱ्यांनीही दोन्हींकडे धाव घेऊ नये. लंडनची सिकोर्स्की ही पोलिश संस्था आणि कोल्हापूरचं पुरालेखागार, आधी तिथून सुरुवात करा.

पैशांचं म्हणाल तर ॲमस्टरडॅममध्ये राहणं खिसा रिकामा करतं. होलोकॉस्टवर काम असेल तर एह्री या युरोपीय जाळ्याची कॉनी क्रिस्टेल फेलोशिप पाहा. एह्रीचं समन्वयन निओड करते आणि आरोल्सेनही त्यात आहे. शिकायलाच जायचं असेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा इंग्रजीतला एम.ए. निओडच्या साथीने चालतो. आरोल्सेनकडे असा अभ्यासक्रम नाही.

एक घोळ आधीच टाळा. नाझींशी हातमिळवणी केल्याचा संशय असलेल्या डच नागरिकांच्या खटल्यांचे कागद निओडकडे असतील असं गृहीत धरून लोक ॲमस्टरडॅमला उतरतात. ते आहेत हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. २०२५ च्या सुरुवातीला त्यांतल्या सुमारे सव्वाचार लाख नावांची सूची ऑनलाइन आली, पण फायली वाचनकक्षातच पाहायच्या असं ठरलं. जाण्याआधी तिथली वेळ ठरवून घ्या.